जवस आणि काळी जीभ

चिखलीच्या बाजारात माझ्याशी भाव करताना माणसे माझ्या डोळ्यांकडे पाहत नाहीत, तोंडाकडे पाहतात. मी बोलायच्या आत अर्धेअधिक व्यापारी "घ्या भाऊ, तुमच्या मनासारखं" म्हणून मोकळे होतात. बाहेरगावच्या माणसाला याचे नवल वाटते. मग कोणीतरी त्याला बाजूला नेऊन सांगते, "काळ्या जिभेचा हाय थो. त्याच्या तोंडी लागू नको." मला ऐकू येईल अशाच बेताने सांगतात.

धान्याच्या धंद्यात माझा जन्म गेला. बापाने मागे ठेवली ती एक मोडकी गाडी आणि एक बैल. जोडीचा दुसरा बैल मी भाड्याने घ्यायचो. कोणत्या गावात माल दमट, कोणत्या घराला विकण्याची घाई, कोण दाखवतो एक पोते आणि भरतो दुसरे, हे मी उन्हातान्हात हिंडून शिकलो. पण माझा एकही सौदा लोकांनी माझ्या अकलेच्या खात्यात धरला नाही. सगळे श्रेय जिभेला. या गोष्टीचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, आणि हा मजकूर मी त्या रागापोटीच लिहीत आहे.

सुरुवात जवसापासून झाली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. कापसाच्या बड्या व्यापाऱ्यांत माझ्यासारख्याला कोणी उभे करत नसे, म्हणून मी जवस धरले. आमच्याकडे जवस मुख्य पीक म्हणून फारसे कोणी पेरत नसे. हरभऱ्याच्या वावराच्या कडेने त्याचा पट्टा टाकत, कारण गुरे जवसाला तोंड लावत नाहीत आणि आतले पीक वाचते. सकाळी तो पट्टा निळा दिसायचा, दुपारपर्यंत फुले गळून गेलेली असायची. मला फुलांशी कर्तव्य नव्हते. मी बोंडे हातावर चोळून पाहायचो.

जवसाचा दाणा गुळगुळीत, चपटा. पोत्याला सुईएवढे भोक असले तरी वाटेने सांडत जातो. त्यासाठी मी गाडीच्या साट्याला, म्हणजे तळाला, शेणमाती लिंपायचो आणि वर जुने धोतर अंथरायचो. राशीत कोपरापर्यंत हात घातला की माल कळतो. वाळलेली रास आत थंडगार लागते, दमट असली की ऊबदार. घराघरांत त्याची चटणी व्हायची, छातीत कफ भरला की पोटीस बांधायचे, तेल निघाले की उरलेली ढेप बैलांना. आणि बाकी माल मलकापूरच्या स्टेशनावरून मुंबईकडे जायचा. तिकडे जहाजात पडून विलायतेला रंगासाठी जातो, असे आडते सांगायचे.

आमच्या त्या भागात एक रीत होती. घाण्यावरून नवे तेल घरी आले की पहिला हात दाराला, मग गाडीला आणि औताला, आणि त्यानंतर ते तेल कढईत. जवसाचे तेल लाकडात मुरते आणि वाळून त्यावर साय धरल्यासारखे घट्ट होते. पाऊस आत शिरत नाही, किडा धरत नाही. हे काम घरच्या बाईने करायचे, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी. त्या तेलकट चिंध्या कोणी फेकत नसे. पुढे लग्नसराई असायची, वरातीच्या टेंभ्यांना त्या उपयोगी पडत.

दुसरबीडच्या अलीकडे, सडक सोडून आत, एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या पाटलाच्या घरी जवस बक्कळ असे. त्या फाल्गुनात मी त्याच्या ओट्यावर बसून भाव केला. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणे टाकायचे आणि आत बोटे दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. शेवटी समोरच्याने मूठ आवळली की सौदा झाला. पाटलाने मूठ आवळली. मी गाडी आणि रिकामी पोती घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर माझ्यासमोर माल दुसऱ्याच्या गाडीत भरणे चालले होते.

"पाटील, हे काय हो? काल मूठ आवळली ना तुमी?"

"कोणाची मूठ? म्या तं तुमच्या हातातून हात सोडवून घेत होतो. लय घट्ट धरता राजेहो तुमी."

ओट्यावरची माणसे हसली. एकाने वर म्हटले, "भाऊ, पुढच्या टायमाले उपरणं पातळ आणजा, आमाले बी दिसन." पुन्हा हशा.

उपरण्याखालच्या गोष्टीला साक्षीदार नसतो. मी काय करणार? माझे डोके फिरले. मी गाडीच्या जुवावर पाय देऊन उभा राहिलो आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडलो, "आग लागो तुमच्या या घराले! राख होवो या सगळ्याची!"

पाटलीण दारात उभी होती. दार नुकतेच तेल लावल्यामुळे चमकत होते आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले होते. तिने पदर तोंडाला लावला. मी बैल वळवले आणि निघालो.

दुसरबीडला पोहोचल्यावर मी बैल नालबंदाकडे नाल ठोकायला दिला. बैल आडवा पाडून त्याचे पाय बांधलेले, भोवती पाचपंचवीस रिकामटेकडी माणसे. दुपार कलंडत होती. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "थो धूर कायचा हाय बे?" मी मान वर करून पाहिले. मी आलो होतो त्याच दिशेला काळा लोट उभा होता. मागून पळत आलेल्या माणसाने पाटलाच्या घराचे नाव घेतले. कापसाचा कोठा पेटला होता. भाव वाढेल म्हणून पाटलाने तो माळ्यापर्यंत भरून ठेवला होता. कोठ्याला लागून गोठा.

मी परत गेलो. का गेलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पाणी मारायला हात लागतील एवढेच डोक्यात असावे. पण मी गावात शिरलो तशी माणसे बादल्या घेऊन माझ्या वाटेतून बाजूला झाली. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उचलला नाही. नुसती बाजूला झाली.

बैलांची दावी कापायला पाटलीण गोठ्यात घुसली होती. एक बैल सुटला. दुसरा सुटायच्या आत वरचे छप्पर खाली आले. तिचा उजवा हात आणि गळ्याची बाजू भाजली होती. तिला निंबाखाली बाजेवर निजवले होते आणि एक म्हातारी चुन्याच्या निवळीत जवसाचे तेल घुसळून तिच्या अंगाला लावत होती. भाजल्यावर तेच औषध. तिथल्या धुराला आणि त्या तेलाला मिळून एक वास होता, सडलेल्या मासळीसारखा, गरम. पाटलिणीने डोळे उघडले आणि मला पाहिले.

"भाऊ, आता अजून काई बोलू नका," ती म्हणाली. "हात जोडते. काईच बोलू नका."

फौजदार आला, त्याने मला बसवून ठेवले, नालबंदाला विचारले, दुसरबीडच्या माणसांना विचारले. आग लागली तेव्हा मी बैलाचे शेपूट धरून बसलो होतो हे सगळ्यांनी पाहिलेले. फौजदाराने मला सोडले. लोकांनी मात्र त्यातूनच पुढचा हिशेब केला. हाताने लावली नाही म्हणजे जिभेने लावली. कोठ्यात दिवा नव्हता, चूल लांब होती, चिलीम ओढणारा कोणी तिकडे गेला नव्हता. मग दुसरे काय असणार?

ही बातमी माझ्या गाडीच्या पुढे चालू लागली. देऊळगावला, मेहकरला, लोणारच्या बाजाराला, मी पोहोचायच्या आत ती पोहोचलेली असे. माणसे मला पाहून पटकन भाव उतरवायची, चांगला माल काढून द्यायची, वर चहा पाजायची. मी नाही म्हटले नाही. धंदा वाढला, गाडीच्या जागी चिखलीत दुकान आले. पण घासाघीस करायला समोर कोणी उरले नाही. मी रात्ररात्र जागून बाजाराचा अंदाज बांधायचो, तो बरोबर यायचा, आणि लोक म्हणायचे, "त्याच्या जिभेले कोण नाही म्हणन?"

घरी त्याहून वाईट. पोरगी हट्ट करू लागली आणि माझा आवाज चढला की बायको मध्ये येऊन सरळ माझ्या तोंडावर हात ठेवायची. "एवढ्याशा पोरीले काई बोलू नका. मले बोला." एकदा पोरीला गोवर निघाला. तिसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला, तेव्हा बायकोने हळूच विचारले, "तुमी काई बोलले तं नव्हते ना?"

मी तिच्यावर ओरडणार होतो. ओरडलो नाही. मी बाहेर येऊन बसलो आणि गेल्या चार-पाच दिवसांत पोरीला काय काय बोललो ते आठवू लागलो. "मरतुकडी" म्हटले होते का? "गप पड" म्हटले होते, ते कशात धरायचे? पोरगी बरी झाली, पण ती सवय मला लागली. मी जे बोललो ते पुन्हा पुन्हा तपासायचे. शिव्या गिळायच्या. आणि तो वास यायचा. दुकानात बसलो असताना, जेवताना, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवताना सुद्धा, गरम मासळीसारखा वास. त्यामागून ते शब्द: काईच बोलू नका. माझा स्वतःचा विश्वास नव्हता जिभेवर. तरी भीती होती. या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात.

मग पोरीचे लग्न ठरले. दुसरी मोठी लढाई संपून गेली होती. दुकानामागच्या घराची दारे-खिडक्या काळ्या पडल्या होत्या, म्हणून बायकोने आणि शेजारणींनी सकाळपासून त्यांना जवसाचे तेल चोळले. दुपारी जेवणे झाली. मी पानसुपारीचा जमाखर्च सोडून आरामात पडलो होतो, मन प्रसन्न होते. तेवढ्यात तो वास आला. मी कूस बदलली. वास नेहमीचाच होता, येऊन जाणारा.

पोरगी आतून म्हणाली, "बाबा, कायचा वास येऊन राह्यला हो? मासे सडल्यावानी?"

मी ताडकन उठून बसलो. इतक्या वर्षांत तो वास दुसऱ्या कोणाला आला नव्हता.

कोठीच्या खोलीत पोत्यांच्या आडोशाला एक टोपली होती. त्यात तेलाच्या चिंध्या कोंबून भरल्या होत्या आणि वर गोणपाट दाबले होते. मी गोणपाट काढून आत हात घातला आणि ओरडून बाहेर काढला. राशीत हात घालायची सवय आयुष्यभराची, पण असा चटका कधी बसला नव्हता. टोपली उपडी केली तर मधल्या चिंध्या काळ्या पडल्या होत्या आणि वारा लागताच त्यांच्या कडांवरून लाल ठिणगी सरकत गेली. मी आणि पोरीने मिळून पाणी ओतले.

बायको दारात येऊन थिजली होती. "काय बोलले तुमी?"

"काईच नाही बोललो! इचार पोरीले. सकाळपासून शब्द वाकडा बोललो असन तं सांग म्हणा."

"काईच नाही बोलले व माय," पोरगी म्हणाली. "बाबा तं घोरत होते."

मी त्या ओल्या राखेशेजारी खाली बसलो आणि मला हसू यायला लागले. बायकोला वाटले मला झपाटले.

लग्न पार पडल्यावर मी परसात पुन्हा पुन्हा करून पाहिले. चिंध्या जवसाच्या तेलात भिजवायच्या, टोपलीत कोंबायच्या, वर गोणपाट. कधी नुसत्या तापायच्या, कधी धुमसायच्या, एकदा तर टोपलीच गेली. पसरून ठेवल्या तर काही होत नसे. तिळाच्या तेलाच्या ठेवल्या तर गार त्या गारच. जवसाचे तेल वाळताना तापते आणि कोंडले की स्वतःच पेट घेते, एवढे मला माझ्या हातांनी कळले. दिवा नको, चिलीम नको, जीभ तर नकोच नको.

पण हे चिखलीत कोणाला सांगू? बाजारातल्या माणसाने ऐकले असते आणि मान डोलावून म्हटले असते, हाव भाऊ, तुमी म्हणता तसंच. माझी जीभ ज्यांनी पहिल्यांदा काळी ठरवली, त्या घराने ती धुवायला हवी होती. पाटील वारला होता. त्या वर्षीचा कापूस गेला, त्यामागे एक वावर गेले, त्यातून त्याने उभारी धरलीच नाही, असे कानावर आले होते. पाटलीण होती. आता तीही नाही, म्हणून लिहितो आहे.

मी तेलाचा डबा आणि चिंध्यांचे गाठोडे घेऊन सर्व्हिस मोटारीने दुसरबीडला उतरलो आणि तिथून चालत गावात गेलो. सकाळची वेळ होती, मुलगा आणि सून वावरात गेलेले. पाटलीण अंगणात दाणे पाखडत होती, डाव्या हाताने सूप धरून. उजव्या हाताची बोटे आत वळून कातडीत चिकटली होती. तिने मला ओळखले आणि सूप खाली ठेवले.

"कायले आले?"

"बाई, मले काई नको. एक गोष्ट दाखवाची हाय. दुपारपर्यंत बसू द्या."

"बसा. पण बोलू नका काई भलतं."

मी अंगणातच चिंध्या भिजवल्या, तिच्याकडून टोपली मागून घेतली, कोंबून भरली, वर पोते टाकले. ती भिंतीला टेकून पाहत राहिली. तिला वाटले असावे मी काहीतरी उतारा करतो आहे. ऊन चढले. तिने मला पाणी दिले, वर गुळाचा खडा दिला. मी विचारले, "त्या दिवशी तुमी दाराले तेल लावत होत्या, आठवते?"

"न आठवाले काय झालं? नवं तेल आलं होतं. दार झालं, गाडी झाली, तिफन झाली. तुमी ओरडले तवा माह्ये हात तेलाचेच होते."

"अन् चिंध्या?"

"चिंध्या ठेवल्या टोपल्यात. दिराच्या लग्नाले टेंभे लागणार होते ना."

"टोपलं कुठी ठेवलं?"

"कोठ्यात. कापसावर. वरून दाबून ठेवलं, उंदरानं नेऊ नये म्हणून."

तिच्या आवाजात काहीच नव्हते, जसे कोणी रोजचे काम सांगावे तसे. आणि मी, जो माणूस समोरच्याच्या एका शब्दावरून त्याचा सगळा भाव ओळखतो, तो तिथे येईपर्यंत हे ओळखू शकलो नव्हतो. मी माझी जीभ सोडवायला आलो होतो. ती सुटली की ते ओझे कोणाच्या अंगावर पडणार, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी टोपली उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. वास तिलाही आला होता. तिने डावा हात पोत्याखाली घातला. तो तिने लगेच काढला नाही. मीच तिचे मनगट धरून ओढले.

तिने बोटे लुगड्यात गुंडाळली. मग म्हणाली, "कापसावर याहून लवकर होत असन."

"हाव."

"म्हणजे माह्या हातानं."

"तेलानं," मी म्हणालो. "तुमाले काय ठाव? कोणालेच ठाव नव्हतं."

"कोणाले सांगतलं?"

"अजून नाही. सांगाचं हाय. बाई, माही पोरगी आजारी पडली तरी माही बायको माह्या तोंडाकडे पाह्यते. मले माहं नाव पाह्यजे."

"माह्या पोरानं बापाचं मरण अन् वावर जाणं, सगळं तुमच्या नावावर घातलं हाय," ती म्हणाली. "म्हणून थो माह्याशी नीट बोलते. उद्या थे माह्या नावावर आलं तं मी जेवू कोणाच्या हातचं? पाहा ना हा हात. याच्यानं भाकर बी थापता येत नाही."

"अन् माहं काय?"

"तुमचं चांगलं चाल्लं. दुकान हाय, पोरगी नांदून राह्यली. लोक भेतात, ते तं भेतातच. अन् तुमी आग लागो म्हणले होते का नाही? म्हणले होते. जिभेचं खोटं काय झालं त्यात?"

मी संतापलो. तोंडात शब्द आले, चांगले तिखट शब्द, आणि ती माझ्या ओठांकडे पाहत होती. तेलाच्या चटक्याने लाल झालेली बोटे लुगड्यात गुंडाळून, जशी निंबाखाली पाहत होती तशी. आता तिला कारण माहीत होते, तरी तशीच.

"आधी हे उचला," ती म्हणाली. "सून यायची येळ झाली."

मी टोपली उपडी करून चिंध्या गाठोड्यात घेतल्या. मधल्या काही तपकिरी झाल्या होत्या. तिने टोपली राखेने घासून कोपऱ्यात पालथी घातली, अंगणातला तेलाचा डाग शेण घालून पुसला. निघताना मी तिला काही वचन दिले नाही. तिने मागितलेही नाही. मी गप्पच राहीन हे तिने माझ्या आधी ओळखले होते, आणि या गोष्टीचा मला आजही राग येतो.

सडकेला लागेपर्यंत गाठोडे पाठीला ऊब देऊ लागले. तसेच मोटारीत नेणे शक्य नव्हते. मी ते बाभळीच्या कुंपणाजवळ सोडले आणि एकेक चिंधी काट्यांवर पसरू लागलो. समोरून त्या गावचा एक माणूस बैल घेऊन येत होता. वयाने माझ्याएवढा, त्या दिवशी ओट्यावर हसलेल्यांपैकी असेल किंवा नसेल. त्याने मला ओळखले, बैल रस्त्याच्या पलीकडच्या कडेला घेतले आणि मान खाली घालून झपझप पुढे गेला. त्याला थांबवावे, हात धरून गाठोड्यात घालायला लावावा, असे फार वाटले. मी हातातली चिंधी काट्यावर टाकली आणि दुसरी उचलली.